जर्मनीत इंग्रजीतून मास्टर्स करताय? मग या चुका टाळा

दर सेमिस्टरला नवी मुलं येतात आणि दर सेमिस्टरला तोच प्रश्न: "कोर्स पूर्ण इंग्रजीत आहे, मग जर्मन कशाला?" वर्गात नाही लागत, मान्य. पण घरमालक, विमा कंपनी, नगरपालिका आणि कोर्ट तुमच्याशी जर्मनमध्येच बोलणार आहेत, तेही बहुतेक वेळा टपालाने.

म्हणूनच सगळ्यात महागात पडते ती पत्र न वाचता बाजूला ठेवण्याची चूक. माझ्या ओळखीच्या एका मुलाने जिम लावली होती. पुढे तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला आणि जिमला जाणं बंद झालं. जात नाही म्हणजे सदस्यत्व संपलं, असा त्याचा समज. लेखी रद्द केलंच नव्हतं. थकबाकीची पत्रं आली, ती जाहिराती समजून ड्रॉवरमध्ये गेली. मग वसुली एजन्सीची पत्रं, तीही तिथेच. शेवटी कोर्टाचा पिवळा लिफाफा आला. अशा लिफाफ्यावर पोस्टमन तारीख लिहून तो पेटीत टाकतो. तुम्ही उघडा वा न उघडा, त्या तारखेपासून मुदत सुरू होते. आत मानबेशाइड, म्हणजे वसुलीची कोर्टाची नोटीस असेल, तर हरकत घ्यायला फक्त २ आठवडे मिळतात. पोरगं माझ्याकडे आलं तेव्हा ते उलटून गेले होते. थकबाकी किरकोळ होती, पण वसुलीचा आणि कोर्टाचा खर्च तिच्या डोक्यावर बसला होता. गप्प बसल्याने प्रकरण मिटत नाही, उलट तुम्हाला दावा मान्य आहे असं धरून पुढची कारवाई होते.

माझी पद्धत साधी आहे. पत्र आलं त्याच दिवशी उघडायचं आणि त्यातली प्रत्येक तारीख आणि रक्कम पेनने गोल करायची. एवढं तर भाषा न येताही जमतं. मग भाषांतर. पिवळा लिफाफा फेकायचा नाही, कारण मुदत मोजायची तारीख त्यावरच असते. काही कळलं नाही तर विद्यार्थी संघटनेकडे किंवा श्टुडिरेंडनवेर्ककडे, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं आणि कँटीन चालवणाऱ्या संस्थेकडे, जायचं. अनेक विद्यापीठांत तिथे कायदेशीर सल्ला मिळतो.

टपालपेटीवर आणि बेलवर स्वतःचं नाव लावा. मित्राच्या खोलीत राहताना हे हमखास राहून जातं, आणि बँकेचा पिन, टॅक्स नंबर सगळं परत जातं.

आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत करायची असते. त्यासाठी घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो. तो चावी घेतानाच मागा.

रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिना १८.३६ युरो. "माझ्याकडे टीव्हीच नाही" हे कारण चालत नाही. मात्र ती घरामागे एकच असते, त्यामुळे खोलीसोबत्यांमध्ये वाटून घ्या.

भाडेकरार मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून सही करू नका. अॅप शब्द सांगेल, पण अमुक काळ घर सोडताच येणार नाही असं कलम तुमच्या गळ्यात पडतंय, हे हात धरून सांगणार नाही. जर्मन येणाऱ्या माणसाला एकदा वाचायला द्या. घाई घरमालकाला असते, तुम्ही ती अंगाला लावून घेऊ नका.

आता माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा. "आधी स्थिरस्थावर होतो, मग जर्मन शिकतो." हे म्हणणारी मुलं थीसिस संपताना नोकरी शोधायला बसतात आणि जाहिरातीमागून जाहिरातीत जर्मनची अट बघून हवालदिल होतात. बी-वन, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः निभावता येण्याइतक्या जर्मनची पातळी, सुट्टीतल्या क्रॅश कोर्सने येत नाही, कुणी कितीही जाहिरात करो. विद्यापीठाच्या भाषा केंद्रात पहिल्याच सेमिस्टरला नाव घाला. जागा लवकर भरतात, म्हणून नोंदणी उघडते त्या दिवशीच बसा. आणि बेकरीत समोरचा इंग्रजीवर आला, तरी तुम्ही जर्मन सोडू नका. "मी शिकतोय, जर्मनमध्येच बोला" एवढं वाक्य पाठ करून ठेवा. बहुतेक लोक आनंदाने सावकाश बोलतात.