दोघांनी मिळून कॅरिबियनची सुट्टी : बार्बाडोसच्या किनाऱ्यावर निवांत आठवडा कसा आखावा

कॅरिबियनला जाऊन आठवडाभर समुद्रकिनारी स्वस्थ पडून राहायचे, असा बेत दोन मित्र किंवा दोन मैत्रिणी करतात तेव्हा पहिला मोह होतो तो एकाच फेरीत तीन-चार बेटे उरकण्याचा. नकाशात ती बेटे एकमेकांना खेटून दिसतात. प्रत्यक्षात त्यांतील बरीचशी वेगवेगळे देश आहेत, एका बेटावरून दुसऱ्यावर जायला बहुधा विमानच लागते आणि दर वेळी सामान, पासपोर्टची तपासणी व ताटकळणे यांत दिवसाचा मोठा भाग जातो. मुंबईहून तिथे पोहोचायलाच जवळजवळ एक अख्खा दिवस आणि रात्र लागत असल्यामुळे, विश्रांतीसाठी जाणाऱ्यांनी एकच बेट आणि त्या बेटाचा एकच किनारा निवडावा, असे माझे ठाम मत आहे.

या लेखात बार्बाडोस हे बेट धरले आहे. ते सुमारे ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद आहे, त्यामुळे कोणतेही ठिकाण फार दूर पडत नाही. इंग्रजी सर्वत्र चालते, वाहने आपल्याप्रमाणे डाव्या बाजूने धावतात, नळाचे पाणी पिण्यायोग्य असते आणि बेटावरचा प्रत्येक समुद्रकिनारा सार्वजनिक आहे.

आधी एकमेकांशी बोलून घ्यावे

तिकिटे काढण्यापूर्वी दोघांनी निवांत बसून विश्रांती म्हणजे आपल्याला नेमके काय हवे आहे, ते एकमेकांना सांगावे. एकाला पहाटे उठून पोहायचे असते आणि दुसऱ्याला दहा वाजेपर्यंत झोपायचे असते. एकाला रोज संध्याकाळी गाणीबजावणी हवी असते आणि दुसऱ्याला पुस्तक घेऊन गॅलरीत बसायचे असते. यात भांडण्यासारखे काही नाही, पण हे आधी बोललेले नसेल तर तिसऱ्या दिवशी कुरबूर सुरू होते. दिवसातला एक वेळ, बहुधा रात्रीचे जेवण, एकत्र घ्यायचा आणि बाकी वेळ ज्याने त्याने आपल्या मर्जीने घालवायचा, अशी व्यवस्था बहुतेक जोड्यांना मानवते. दोघांपैकी एकाला पोहता येत नसेल तर तेही आताच कळायला हवे, कारण कोणत्या किनाऱ्यावर राहायचे हे त्यावर ठरते.

पैशांचेही तसेच. विमान, खोली आणि विमा यांचा खर्च निम्मा निम्मा वाटून घ्यावा. टॅक्सी आणि एकत्र जेवण यांसाठी दोघांनी सारखी रक्कम घालून एक सामाईक पाकीट करावे, आणि खरेदी, पेये व ज्याच्या त्याच्या हौशीच्या सहली सरळ टीटीएमएम ठेवाव्यात. खोली आरक्षित करताना ‘दोन स्वतंत्र पलंग’ असे लेखी कळवून त्याची लेखी पोचही घ्यावी. तसे न सांगितल्यास रिसॉर्टमध्ये दोघांसाठी एकच मोठा पलंग मिळण्याची शक्यता बरीच असते.

महिना ठरवावा

डिसेंबर ते मे हा कोरडा काळ असतो आणि त्यातही डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतील थंडीला कंटाळलेले पर्यटक तिथे गर्दी करत असल्याने दर सर्वांत चढे असतात. एप्रिल संपता संपता दर उतरतात, पाऊस अजून सुरू झालेला नसतो आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीशीही वेळ जुळते; म्हणून भारतातून जाणाऱ्यांसाठी मे महिना मला सर्वांत योग्य वाटतो. त्यात एक अडचण मात्र आहे. २०११पासून अटलांटिक महासागरातून सरगॅसम नावाचे तपकिरी समुद्री शेवाळ साधारण वसंत ऋतूपासून उन्हाळाभर मोठ्या प्रमाणावर वाहत येते आणि किनाऱ्यावर साचून कुजले की त्याला उग्र वास येतो. त्याचा त्रास पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांना अधिक होतो, पश्चिम किनारा बहुतांशी त्यातून सुटतो.

१ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम असतो. बार्बाडोस इतर बेटांपेक्षा पूर्वेला असल्यामुळे त्याला थेट तडाखा क्वचितच बसतो, पण वादळ नुसते जवळून गेले तरी विमानतळ बंद होतो. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलेला भारतीय संघ बेरिल वादळामुळे तिथेच अडकून पडला होता आणि ४ जुलैला मायदेशी पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी मुंबईत मरीन ड्राइव्हवर त्याची मिरवणूक निघाली, हे अनेकांना आठवत असेल. त्या हंगामात जायचेच असेल तर वादळामुळे रद्द झालेला किंवा लांबलेला प्रवास ज्यात स्पष्टपणे समाविष्ट आहे, असाच प्रवास विमा घ्यावा.

तिकिटे आणि कागदपत्रे

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी बार्बाडोसला ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचे आरक्षण मात्र दाखवावे लागते. बहुतेकांची फसगत होते ती मधल्या थांब्यावर. मुंबईहून थेट विमान नाही. लंडनमार्गे, टोरंटोमार्गे किंवा न्यूयॉर्क, मायामी यांसारख्या अमेरिकी शहरांमार्गे जावे लागते. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी व्हिसा लागतो. लंडनमध्ये ट्रान्झिट व्हिसाचे नियम आपल्याकडे आधीपासून कोणत्या देशाचा वैध व्हिसा आहे यावर अवलंबून असतात, आणि तिथल्या हीथ्रो विमानतळावर उतरून गॅटविक या दुसऱ्या विमानतळावरून पुढचे विमान पकडायचे असेल तर ब्रिटनच्या हद्दीत प्रवेश करावा लागत असल्याने वेगळे नियम लागू होतात. म्हणून शक्यतो एकाच विमानतळावर विमान बदलणारा मार्ग घ्यावा, संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर काढावा आणि पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर ताजे नियम वाचावेत. दोघांपैकी एकाकडे अमेरिकेचा व्हिसा असेल आणि दुसऱ्याकडे नसेल, तर मार्ग दुसऱ्याच्या सोयीने ठरवावा.

त्याच फेरीत त्रिनिदादला जाण्याचा विचार असेल तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेऊन तिचे प्रमाणपत्र सोबत ठेवावे. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून प्रमाणपत्राशिवाय परतणाऱ्याला भारतात विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

सामानात अमेरिकी पद्धतीचा चपट्या पिनांचा प्लग घ्यावा. तिथे वीजपुरवठा ११५ व्होल्टचा असल्यामुळे मोबाइलचे चार्जर चालतात, परंतु भारतातली पाण्याची किटली किंवा केस वाळवण्याचे यंत्र नीट चालत नाही. लष्करी नक्षीचा, म्हणजे कॅमोफ्लाज छपाईचा कोणताही कपडा, टोपी किंवा पिशवी नेऊ नये. बार्बाडोसमध्ये ती वापरणे कायद्याने गुन्हा आहे आणि लहान मुलांनाही त्यातून सूट नाही.

किनारा आणि रिसॉर्ट निवडावे

पश्चिम किनारा कॅरिबियन समुद्राकडे तोंड करून आहे. होलटाउन, पेन्स बे, मलिन्स या भागांत पाणी बहुतेक दिवस तळ्यासारखे शांत असते, वाळू फिकट असते आणि सूर्यास्त समोर दिसतो. पोहण्यात कच्चे असलेल्यांसाठी आणि खऱ्या अर्थाने निवांतपणा हवा असणाऱ्यांसाठी हाच किनारा योग्य, पण तो सर्वांत महागही आहे. दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे रॉकली, वर्दिंग, डोव्हर आणि सेंट लॉरेन्स गॅप या पट्ट्यात, लाटा मध्यम असतात, राहण्याचे दर तुलनेने आवाक्यात असतात आणि संध्याकाळी पायी फिरून जेवायला अनेक जागा मिळतात. पूर्वेकडचा बॅथशेबा हा अटलांटिकचा किनारा अतिशय देखणा आहे, परंतु तिथे पाण्याची ओढ धोकादायक असल्याने पोहण्यासाठी तो धरू नये. हातात पैसे मोजकेच असतील तर पश्चिमेला लहान खोली घेण्यापेक्षा दक्षिणेला चांगली खोली घ्यावी आणि पश्चिम किनाऱ्यावर दिवसभरासाठी बसने जावे. किनारे सार्वजनिक असल्याने मोठ्या हॉटेलांच्या मधून समुद्राकडे जाणाऱ्या वाटा असतात आणि वाळूवर बसण्यास कोणी हरकत घेऊ शकत नाही. आरामखुर्च्या आणि छत्र्या मात्र त्या त्या हॉटेलच्या असतात.

‘ऑल-इन्क्लुझिव्ह’, म्हणजे खोलीच्या दरातच जेवणखाण आणि पेये धरलेली योजना घ्यावी की नुसती खोली, हा प्रश्न दोघांच्या खाण्यापिण्यावर सोडवावा. त्या दरात मद्याचा मोठा वाटा धरलेला असतो, त्यामुळे दोघेही मद्य घेत नसतील किंवा शाकाहारी असतील तर ती योजना सहसा परवडत नाही. लहानसे स्वयंपाकघर असलेली खोली घेऊन नाश्ता स्वतः करणे बरे पडते. शाकाहारी व्यक्तींनी रिसॉर्टला आधी पत्र लिहून मांस, मासे आणि अंडी यांपैकी काय चालत नाही ते स्पष्ट कळवावे, कारण भात-कडधान्याच्या साध्या दिसणाऱ्या पदार्थातही खारवलेले मांस घातलेले असू शकते. ‘मॅकरोनी पाय’ हा चीज घालून भट्टीत भाजलेल्या मॅकरोनीचा पदार्थ आणि आपल्या कोकणातल्या नीरफणसाचे तिथले प्रकार चवीला चांगले लागतात, पण तेही विचारूनच घ्यावेत. मासे खाणाऱ्यांनी मक्याच्या पिठात भेंडी घोटून केलेले कूकू आणि त्यासोबत उडता मासा अवश्य खावा. तो त्या देशाचा राष्ट्रीय पदार्थ आहे.

दर पाहताना डॉलर कोणता, हे दर वेळी विचारावे. १ अमेरिकी डॉलर म्हणजे २ बार्बाडोस डॉलर असा ठरलेला दर आहे आणि दोन्ही चलने सर्रास चालतात. किनाऱ्यावरच्या खानावळीच्या फळ्यावर ४० असा आकडा असेल तर तो बहुधा स्थानिक डॉलरचा, आणि रिसॉर्टच्या सहलीच्या पत्रकावर ४० असेल तर तो अमेरिकी डॉलरचा असू शकतो. म्हणजे खर्च थेट दुप्पट. बिलात सेवाशुल्क आधीच धरले असेल तर वेगळी बक्षिसी देण्याची गरज नसते.

पोहोचल्यावर

बार्बाडोसचे घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते. पहिले दोन दिवस कोणतीही सहल ठरवू नये. पहाटे तीन-चारला जाग येणारच आहे, तेव्हा उजाडताच पाण्यात उतरावे, कारण त्या वेळी समुद्र सर्वांत शांत असतो आणि किनारा रिकामा असतो. बेट सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे चेन्नईच्या रेषेत असूनही सतत वाहणाऱ्या वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि त्वचा नकळत भाजते. म्हणून अकरा ते तीन सावलीत काढावेत. लाल झेंडा लावलेला असेल तर पाण्यात पाऊलही टाकू नये.

सावली शोधताना एक झाड ओळखता आले पाहिजे. किनाऱ्यावर मॅन्चिनील नावाचे विषारी झाड वाढते. त्याची फळे लहान हिरव्या सफरचंदासारखी दिसतात, पाने तुकतुकीत असतात आणि चीक अंगाला लागला तर फोड येतात. अनेक ठिकाणी त्याच्या बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला असतो, पण सगळीकडे असतोच असे नाही. फळ तोंडात घालू नये, पानांना हात लावू नये आणि पाऊस आला तर त्या झाडाखाली मुळीच उभे राहू नये, कारण फांद्यांवरून ठिबकणाऱ्या पाण्यातही तो चीक उतरतो.

दुकानात किंवा बसमध्ये काही विचारण्यापूर्वी ‘गुड मॉर्निंग’ अथवा ‘गुड आफ्टरनून’ म्हणावे. तिथे ही साधी रीत मनापासून पाळली जाते आणि अभिवादन न करता थेट प्रश्न विचारणे उद्धटपणाचे मानले जाते.

रिसॉर्टबाहेर पडावे, पण मोजके

आठवड्यात दोन किंवा तीनच बाहेरचे कार्यक्रम ठेवावेत. बसचे भाडे ३.५० बार्बाडोस डॉलर आहे आणि सरकारी बसमध्ये सुटे परत मिळत नसल्याने नेमकी नाणी जवळ बाळगावीत. थांब्यांवरच्या खांबांवर ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’ असे लिहिलेले असते. ‘सिटी’ म्हणजे राजधानी ब्रिजटाउन.

त्यातील एक सकाळ ब्रिजटाउनजवळच्या कार्लाइल उपसागराला द्यावी. तिथे उथळ पाण्यात बुडालेल्या जुन्या नौका आहेत, त्यांतली बर्विन ही १९१९ साली बुडालेली टगबोट पाण्यात पाहण्याचा मुखवटा (मास्क) लावून वरवर पोहतानाही दिसते. त्याच भागात समुद्री कासवे येतात. त्यांना हात लावू नये आणि खाऊ घालू नये. पोहता येत नसलेल्याने जीवरक्षक जॅकेट घालून होडीच्या माणसाजवळच राहावे.

क्रिकेटची आवड असणाऱ्यांनी केन्सिंग्टन ओव्हल पाहावे. बाहेर सर गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा आहे. १९६२ साली याच शहरात बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू डोक्याला लागून भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर गंभीर जखमी झाले, तेव्हा रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते आणि आपले चंदू बोर्डे व बापू नाडकर्णीही होते. मैदानासमोर उभे असताना ही आठवण होणे मराठी क्रिकेटप्रेमींसाठी अगदी स्वाभाविक आहे.

मुक्कामात शुक्रवार येत असेल तर संध्याकाळी ऑइस्टिन्सला जाऊन कोळ्यांच्या बाजारात समोर भाजलेले मासे खावेत; गर्दी वाढण्याआधी, साधारण सहा वाजता, पोहोचलेले बरे.

परतीचा दिवस

लंडनकडे जाणारी विमाने बहुधा दुपारनंतर किंवा संध्याकाळी सुटतात आणि खोली दुपारपूर्वी सोडावी लागते. सामान ठेवण्याची आणि निघण्यापूर्वी अंघोळ करण्याची सोय रिसॉर्टमध्ये आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. प्रवाळाचे तुकडे आणि मोठे शंख बॅगेत भरू नयेत. त्यांतील अनेक प्रजाती संरक्षित आहेत आणि सीमाशुल्क तपासणीत त्या जप्त होऊ शकतात. रमच्या बाटल्या नेत असाल तर भारतात प्रत्येकी २ लिटरपर्यंतच मद्य करमुक्त आणता येते. सामाईक पाकिटातला हिशेब विमानतळावर बसल्या बसल्या मिटवावा आणि उरलेले बार्बाडोस डॉलर तिथेच खर्च करावेत, कारण मुंबईत ते बदलून मिळणे अवघड आहे.