कासवाची डिझाइन: रेघ मारण्याआधी कासव ठरवा, या चुका टाळा

ठाण्यातलं गावदेवी मैदान असो की बेलापूरचं अर्बन हाट, हस्तकलेच्या प्रदर्शनात कासव कुठे ना कुठे दिसतंच. अंगठीवर, पेंडंटमध्ये, कुर्त्याच्या योकवर, टी-शर्टच्या छातीवर. यातल्या बऱ्याच डिझाइन फसलेल्या असतात आणि मूळ कारण बहुतेक वेळा एकच असतं: कोणतं कासव काढायचं हे ठरवण्याआधीच रेघ मारलेली असते. एकदा कासव ठरलं की पाय, पाठ, रंग आणि अर्थ हे सगळं त्याच्यामागोमाग येतं.

पाय एकाचे, पाठ दुसऱ्याची

सागरी कासवाला वल्ह्यासारखे अवयव असतात. पुढची जोडी लांब, पंखांसारखी. मागची आखूड, दिशा देण्यापुरती. चारही वल्हे सारख्या मापाचे काढले की कासव पोहताना दिसत नाही, नुसतं पसरलेलं वाटतं. जमिनीवरच्या कासवाचे पाय खांबासारखे जाड असतात आणि गोड्या पाण्यातल्या कासवाच्या बोटांमध्ये पडदा असतो. पिवळ्या चांदण्यांची पाठ म्हणजे आपलं तारा कासव, म्हणजेच जमिनीवरचं. त्या पाठीला वल्हे जोडलेली डिझाइन सर्रास दिसते.

दुसरा घोळ इंटरनेटवरच्या फोटोंमुळे होतो. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं कासव हे मूळचं अमेरिकेतलं. मत्स्यालयाच्या दुकानांतून ते इथे पसरलं. 'आपल्या तळ्यातलं कासव' म्हणून त्याचं चित्र छापू नका. हवाई बेटांकडची नागमोडी नक्षी भरलेली कासवंही तयार फाइलमध्ये मिळतात. त्यांना वारली किनार जोडली की दोन्ही परंपरांची खिचडी होते. वारली पद्धतीचं कासव हवं असेल तर ते वर्तुळ, त्रिकोण आणि आडव्या-उभ्या रेघांतूनच उभं करा.

अर्थ चुकला की चित्रही चुकतं

देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत कोरलेलं कासव इंद्रियनिग्रहाचं प्रतीक मानतात. चार पाय, डोकं आणि शेपूट असे सहा अवयव ते आत ओढून घेतं, तसे षड्रिपू आवरावेत, असा अर्थ सांगितला जातो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या ५८व्या श्लोकातला दृष्टांतही हाच. आता गंमत बघा, सागरी कासवाला डोकं आणि वल्हे कवचात घेताच येत नाहीत. म्हणजे ध्यानधारणेच्या टी-शर्टवर स्थितप्रज्ञाचा श्लोक आणि खाली लांब वल्ह्यांचं समुद्री कासव, ही जोडी मुळातच चुकीची आहे. तिथे घुमटासारख्या पाठीचं कासव घ्या, पायांची निम्मी लांबी कवचाच्या कडेखाली झाका आणि डोकं जेमतेम बाहेर ठेवा. तेवढ्यानेच चित्र शांत होतं.

उलट कोकण किनाऱ्यावरच्या वेळास, आंजर्ले इथल्या कासव संवर्धनावर टी-शर्ट करायचा असेल तर तिथे ऑलिव्ह रिडले हे सागरी कासवच हवं. त्याचं कवच जवळजवळ गोल, मागे किंचित निमुळतं, हृदयाच्या आकाराकडे झुकणारं. रंग राखाडी-शेवाळी. पिल्लं काळपट राखाडी असतात. ती पोपटी रंगवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ओढणीच्या किनारीसाठी एक सुंदर धागा इथेच मिळतो. ऑलिव्ह रिडलेची मादी वाळूत डावं-उजवं आलटून पालटून सरकते, म्हणून तिच्या पाऊलखुणा स्वल्पविरामासारख्या एकाआड एक पडतात. हिरवं सागरी कासव (ग्रीन टर्टल) दोन्ही वल्हे एकदम टाकतं, त्याच्या खुणा समोरासमोर येतात. समोरासमोरच्या खुणा काढून खाली 'ऑलिव्ह रिडले' लिहू नका.

आणखी एक जपायची गोष्ट. देवळातल्या कासवावर कुणी पाय देत नाही. त्यामुळे श्री किंवा श्लोक असलेलं कासव चप्पल, पायपुसणं, साडीच्या खालच्या काठावर नको.

पाठीवरचे खवले मोजा

फुटबॉलसारखे षटकोन भरले की पाठ तयार, असा समज आहे. प्रत्यक्षात रचना ठरलेली असते. बहुतेक कासवांच्या पाठीवर मधोमध ५ मोठे खवले आणि दोन्ही बाजूंना ४-४, असे १३. कडेला लहान खवल्यांची माळ.

८ सेंमी लांबीच्या पाठीसाठी असं काढा. आधी लंबगोल, त्यात मधोमध साधारण २.५ सेंमी रुंदीचा उभा पट्टा. पट्ट्यात ५ षटकोन, प्रत्येकाची कोपऱ्याची टोकं डाव्या-उजव्या बाजूला. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या षटकोनाच्या या टोकांपासून कडेपर्यंत रेघा ओढा. दोन्ही बाजूंना तीन-तीन रेघा आल्या की चार-चार खवले आपोआप तयार होतात. बाजूची रेघ मधल्या दोन खवल्यांच्या सांध्यावर आणून टेकवली तर पाठ विटांच्या भिंतीसारखी दिसते, टोकावरच टेकवा.

ऑलिव्ह रिडलेला हा हिशेब लागू नाही. त्याच्या बाजूचे खवले चारपेक्षा जास्त असतात, बहुधा सहा ते नऊ, आणि दोन्ही बाजूंची संख्या सारखी असेलच असं नाही. लेदरबॅक या सागरी कासवाच्या पाठीवर खवलेच नसतात, लांब उभे कंगोरे असतात. ३ सेंमीच्या पेंडंटवर कडेची माळ काढायच्या फंदात पडू नका. ती ठिपक्यांची रांग होते. सरळ एक काठ ठेवा.

कापडावर

सुती टी-शर्टवर स्क्रीन प्रिंट करताना खवल्यांमधली फट १ मिमीपेक्षा बारीक ठेवली की रंग पसरून ती बुजते आणि पाठ एकसंध डाग दिसते. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमटपणात स्क्रीनच्या जाळीवर लावलेलं इमल्शन (प्रकाशाने कडक होणारा लेप) वरून सुकलेलं वाटतं, आतून ओलंच असतं. मग स्क्रीन धुताना नेमक्या खवल्यांच्या बारीक रेघा निघून जातात. स्क्रीन बंद खोलीत, पंखा आणि हलक्या उबेवर, चाळीस अंशांच्या आतच सुकवा. पाण्यावर आधारित पिगमेंट रंग साधारण १५० अंशांवर तीन ते पाच मिनिटं पक्का करावा लागतो. घरी इस्त्रीने करत असाल तर आधी दिवसभर वाळू द्या, मग उलट्या बाजूने इस्त्री फिरवत राहा. शेवटी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. फडक्यावर रंग आला तर अजून उष्णता हवी.

भरतकामात चूक होते ती टाक्यांच्या दिशेत. सगळे खवले एकाच दिशेने भरीव टाक्याने भरले की चमक एकसारखी पडते आणि पाठ सपाट दिसते. प्रत्येक खवल्याची दिशा थोडी वळवा. मधले उभे, बाजूचे तिरके, बाहेरच्या कडेकडे झुकणारे. दोन खवल्यांमध्ये काळ्या धाग्याची चौकट घालण्याऐवजी कापडाचीच बारीक फट सोडा. प्रकाश पडला की रेघ आपोआप उमटते. टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडावर मागे फाडून काढायचा कागद पुरत नाही, भरतकामाभोवती सुरकुत्या पडतात. तिथे कापून काढायचं बॅकिंगच लावा.

अंगठी

कासवाची अंगठी घालण्याची रूढ रीत अशी की कासवाचं तोंड घालणाऱ्याकडे असावं. म्हणजे कासव बोटाच्या लांबीत बसतं. डिझाइन करताना नेमकं हेच विसरलं जातं. कासव २० मिमीच्या पुढे गेलं की मूठ मिटताना डोकं बोटाच्या बुडाशी रुततं. पाठ १४ ते १६ मिमी, डोकं कडेपासून फार तर ३ मिमी बाहेर, पाय पट्टीवरच टेकलेले, असं ठेवलं की अंगठी दिवसभर घालवते. पाय मोकळे ठेवले तर लोकलच्या गर्दीत ओढणीचे धागे त्यांत अडकतात. पाय वाकतो, मग मोडतो. पायाचा सांधा हीच अंगठीतली सगळ्यात नाजूक जागा, तिथे धातू जाड ठेवा.

पाठीवर 'श्री' असेल तर ते घालणाऱ्याला सरळ दिसावं की समोरच्याला, हे ओतकामासाठी मेणाचा नमुना कापण्याआधी ग्राहकाला विचारा. नंतर फिरवता येत नाही. ठशाने ठोकून काढणार असाल तर ठशावर अक्षर उलटं कोरावं लागतं, हेही कारागिराला स्पष्ट सांगा.

ऑक्सिडाइज्ड चांदीत खवल्यांच्या खाचा उथळ असल्या की पॉलिशच्या चाकावर काळेपणाबरोबर खाचाही पुसट होतात. खाच अर्धा मिमी तरी खोल हवी. आधी सगळं काळं करा, मग फक्त वरचा भाग घासा. पितळी अंगठीने बोट हिरवं होतं, कारण घामाने तांब्याचे क्षार सुटतात. आतल्या बाजूला लॅकर (पारदर्शक लेप) दिलं तरी ते घासून जातं, म्हणून पितळ पेंडंटसाठी ठेवा आणि अंगठी चांदीची करा. पोकळ पाठीखाली कणीक आणि साबण साचतो. घडवतानाच खालून जाळी मोकळी ठेवली तर मऊ ब्रशने सहज निघतो.

रेझिनच्या लाटांमधलं छोटं कासव चिकट राहण्याचं कारण बहुतेक वेळा मापात असतं. बाटलीवर वजनाचं प्रमाण असेल तर चमच्याने मोजू नका, रेझिन आणि त्याला घट्ट करणाऱ्या हार्डनरची घनता वेगळी असते. जुलैत ओतत असाल तर पृष्ठभाग दुधाळ होऊ शकतो. कोरड्या खोलीत ओता आणि साच्यातून २४ तास काढू नका.

खरं कवच नकोच

मधाच्या रंगावर तपकिरी ढग असलेली क्लिप, चष्म्याची फ्रेम, बांगडी, हा नमुना मूळ चोचवाल्या हॉक्सबिल या सागरी कासवाच्या कवचावरून आला. सागरी कासवं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे जुनी वस्तू म्हणूनही खरं कवच विकायला घेऊ नका. हाच नमुना सेल्युलोज अॅसिटेट या प्लास्टिकच्या पट्टीत छान मिळतो. पट्टी निवडताना तपकिरी डाग सारख्या अंतरावर ठिपक्यांसारखे असतील तर ती बाजूला ठेवा. हॉक्सबिलच्या कवचात रंग कमीजास्त फाकलेला असतो, एका टोकाकडे गडद, दुसरीकडे जवळजवळ पारदर्शक. टॅगवर 'कासवाच्या कवचाचं' असं कधीही लिहू नका, 'कासवपाठी नमुना, सेल्युलोज अॅसिटेट' असं स्पष्ट छापा.