जळाऊ लाकूड: गिऱ्हाइकाच्या मापाने फोडा

वखारीत गिऱ्हाईक आलं की भाव सांगण्याआधी विचारा: जाळणार कशात? पाणी तापवायच्या बंबाला वीतभर लांब, मनगटाहून बारीक ढलप्या लागतात. जाड तुकडा मधल्या नळीत अडकतो नि धूर कोंडतो. चुलीला दीड फूट, लग्नाच्या आचाऱ्याला दोन-अडीच फूट. बेकरीवाल्याचं माप मात्र त्याच्या भट्टीचं तोंड पाहूनच ठरवा. "मध्यम द्या" यावर माल कापू नका. प्रत्येकाचं मध्यम वेगळं असतं. दारात तीन नमुने ठेवा, गिऱ्हाइकालाच बोट दाखवू द्या.

बाभूळ ओली असतानाच फोडा. वाळली की कुऱ्हाड परतवते. गाठीवर घाव घालू नका, कडेने पाचर ठोका. खाली दोन आडवे ओंडके टाकून रचा, नाहीतर तळचा थर वाळवी खाते. सुकताना बरंच वजन घटतं, म्हणून ओल्याचा नि सुक्याचा भाव वेगळा. दोन तुकडे एकमेकांवर आपटा: खणखणीत वाजलं तर सुकं, बद्द वाजलं तर ओलं.

बारीक फोडीची जादा मजुरी काट्यावर वजन होण्याआधी सांगा. नंतर सांगितली की भांडण ठरलेलं.