प्रकल्पाची सेटिंग्ज कोडबाहेर कशी ठेवावीत

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या सौद्यांचे दर दाखवणारे संकेतस्थळ आपण जँगोमध्ये (पायथन भाषेतील वेब फ्रेमवर्क) करत आहोत, असे समजा. डेटाबेसचा पासवर्ड, गुप्त की (सीक्रेट की) यांसारख्या, लॅपटॉपवर एक आणि सर्व्हरवर दुसऱ्या असणाऱ्या गोष्टी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर त्या त्या संगणकावर नावाने ठेवलेल्या मूल्यांत, ठेवाव्यात. लॅपटॉपवर त्यासाठी डॉट-ईएनव्ही (.env) फाइल करून तिचे नाव पहिल्याच दिवशी गिटइग्नोरमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, नोंदवावे. फक्त नावे असलेली नमुना फाइल मात्र गिटमध्ये ठेवावी, म्हणजे नव्या सहकाऱ्याला काय भरायचे ते विचारत बसावे लागत नाही. पासवर्ड एकदा कमिट झाला, म्हणजे गिटमध्ये नोंदला गेला, तर फाइल खोडून भागत नाही. तो इतिहासात राहतोच, म्हणून बदलावाच लागतो.

खरी गफलत पुढे होते. एन्व्हायर्नमेंटमधून येणारे प्रत्येक मूल्य स्ट्रिंग, म्हणजे निव्वळ मजकूर, असते. डीबग (चुकांचा आतला तपशील दाखवणारे सेटिंग) बंद करण्यासाठी ‘फॉल्स’ (खोटे) लिहून ते पायथनच्या खरे-खोटे ठरवणाऱ्या बूल फंक्शनला दिले, की उत्तर ‘ट्रू’ (खरे) येते, कारण रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग पायथन खरीच मानतो. माझ्या हातून हे घडले आणि दिवसभर सर्व्हरवर डीबग चालूच राहिले. म्हणून मूल्य लहान अक्षरांत करून ‘ट्रू’ या शब्दाशी थेट ताडून पाहावे, आणि गुप्त कीसारखे आवश्यक सेटिंग सापडले नाही, तर आधीच ठरवलेल्या डीफॉल्ट मूल्यावर वेळ मारून न नेता प्रकल्प सुरू होतानाच थांबू द्यावा.