गनमॅन व्हायचंय? या चुका टाळा

वीस दिवसांचं ट्रेनिंग झालं, सर्टिफिकेट मिळालं, आता उद्यापासून बंदूक घेऊन बँकेच्या दारात उभं राहायचं, असं समजणारी मुलं दर भरतीत भेटतात. ते सर्टिफिकेट खासगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या कायद्याखालचं असतं. केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे 100 तास वर्गात आणि 60 तास मैदानात, तेही किमान 20 कामाच्या दिवसांत. त्यावर तुम्ही सुरक्षारक्षक होता, एवढंच. हत्यारासाठी 1959 च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना लागतो आणि त्या परवान्याआधी हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा वेगळा दाखला, म्हणजे एस-1 फॉर्म. गार्ड 18 व्या वर्षी होता येतं, परवान्याला मात्र 21 पूर्ण लागतात. वय लपवून अर्ज करू नका.

कागदांचं खरं दुखणं पुढे आहे. बंदूक बऱ्याचदा बँकेच्या किंवा एजन्सीच्या परवान्यावर असते. ती तुमच्या हातात यायची तर त्या परवान्यावर रिटेनर, म्हणजे परवानाधारकाच्या वतीने बंदूक बाळगणारा माणूस, म्हणून तुमचं नाव चढलेलं हवं. "नाव मागाहून चढवू, आजची ड्युटी कर" असं सुपरवायझर म्हणाला की घाईला आलेला नवा मुलगा मान हलवतो. रस्त्यात तपासणी झाली तर बंदूक त्याच्या हातात सापडते, सुपरवायझरच्या नाही. विनापरवाना हत्यार बाळगण्याची शिक्षा किमान 2 ते कमाल 5 वर्षं आहे. परराज्यातला परवाना एजंटाकडून "करून घेणं" ही त्याहून वाईट वाट. अशा बनावट परवान्यांवर नोकरी करणारे गार्ड महाराष्ट्रात पकडले गेले आहेत. पैसे जातात, नोकरी जाते आणि चारित्र्य पडताळणीत गुन्हा कायमचा दिसत राहतो. शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी यांच्याकडूनच परवाना घ्या, मग कितीही महिने लागोत.

ड्युटीवर पहिल्या दिवशी चार गोष्टी स्वतः डोळ्यांनी बघा: परवान्यावर आपलं नाव, परवान्यावरचा आणि बंदुकीवर ठोकलेला नंबर एकच आहे का, परवाना कोणत्या हद्दीत चालतो आणि मुदत कधी संपते. झेरॉक्स खिशात ठेवा. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या किमान 60 दिवस आधी जायला हवा. तो आपला विषय नाही असं म्हणू नका, कारण मुदत संपलेल्या परवान्यावरची बंदूक तुमच्याच खांद्यावर असते.

आता खरी जीवघेणी चूक: भरलेली, बंद केलेली डबल बॅरल, म्हणजे मधोमध मोडून उघडणारी दोन नळ्यांची बंदूक, खांद्याला अडकवून दिवसभर वावरणं आणि चहा आला की तीच भिंतीला टेकवणं.

होतं असं. बँकेत गुळगुळीत फरशी, दस्त्याखालचं रबर झिजलेलं. कुणाचा तरी पाय लागतो, बंदूक घसरते, दस्ता फरशीवर आपटतो. गार्ड म्हणतो, "सेफ्टी लावलेली होती." लावलेलीच असते. पण बहुतेक साध्या बारा बोरच्या बंदुकांत सेफ्टी फक्त चाप अडवते. आतले घोडे, म्हणजे काडतुसावर ठोका देणारे हातोडे, बंदूक उघडून मिटली तेव्हाच चढलेले असतात आणि त्यांना अडवणारी छोटी अडणी जुन्या बंदुकीत झिजलेली असते. दणका बसला की ती सुटते आणि चापाला बोट न लावता गोळी जाते. त्या क्षणी नळीचं तोंड शेजारी उभ्या माणसाच्या पोटाच्या किंवा छातीच्या उंचीवर असतं. बाहेर घोडे असलेली जुनी बंदूक असेल तर घोडाच कशावर तरी आपटू शकतो.

म्हणून बंदूक टेकवायची नाही. हात मोकळे हवे असतील तर ती उघडा, दोन्ही काडतुसं काढा, कमरेच्या पट्ट्यात ठेवा, मगच दुसरं काम. ड्युटी बदलतानाही तेच: नळीचं तोंड वाळूच्या पोत्यांकडे, बंदूक उघडायची, आत बघायचं, करंगळी दोन्ही नळ्यांच्या मागच्या टोकात, काडतूस बसतं तिथे, घालून रिकामी असल्याची खात्री करायची, काडतुसं मोजून रजिस्टरवर सही घ्यायची आणि उघडीच बंदूक हातात द्यायची. "आत्ताच बघितली" म्हणणाऱ्याच्या हातून घेतानाही ती स्वतः पुन्हा तपासा. गर्दीच्या शाखेत नळ्या रिकाम्या आणि काडतुसं पट्ट्यात पुढच्या बाजूला, ही पद्धत मला पटते. एजन्सीचा लेखी आदेश वेगळा असेल तर तो पाळावा. पण भरायला वेळ लागतो म्हणून कायम भरलेली ठेवणं हे सराव नसल्याचं लक्षण आहे. दारू नसलेली सरावाची काडतुसं घ्या आणि रोज 50 वेळा न बघता भरा-काढा. महिनाभरात हात आपोआप चालतो.

काडतुसांबद्दल एक बारकावा, जो वर्गात घाईत उरकतात. काही जुन्या बंदुकांचं काडतुसाचं घर 65 मिलिमीटरचं असतं, आजची काडतुसं बहुधा 70 ची. तोंड दुमडलेलं असल्यामुळे लांब काडतूस आत आरामात बसतं. उडताना मात्र ती दुमड उलगडायला जागा मिळत नाही, दाब भलताच वाढतो आणि बंदुकीला धोका होतो. नळ्या काढून खालच्या बाजूचा शिक्का वाचा. पितळेवर हिरवा थर आलेलं किंवा पावसाळ्यात फुगलेलं काडतूस परत करा. चामड्याच्या पट्ट्यात वर्षभर ठेवलं की हेच होतं.

कोपऱ्यात उभ्या ठेवलेल्या बंदुकीत कुंभारमाशी मातीचं घर करते. सफाईची चिंधीही नळीत अडकून राहते. उडवण्याआधी नळीतून आरपार उजेड दिसलाच पाहिजे, नाहीतर नळी फुगते किंवा फाटते.

चाप ओढला आणि बार झाला नाही, तर लगेच उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून 30 सेकंद मोजा.

दस्ता खांद्याला घट्ट. पोकळी राहिली तर हाडाला मार बसतो आणि दुसरा नेम चुकतो.

पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणं म्हणजे बहादुरी असं कुणी शिकवलं असेल तर ते विसरा. स्वसंरक्षणाचा अधिकार आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. ही कलमं मराठीतून दोनदा वाचा, परीक्षेपुरती नाही.

कॅश व्हॅनवर जाणार असाल तर 2018 चे नियम पाहा. गाडीत दोन सशस्त्र गार्ड असतात, एक पुढे ड्रायव्हरशेजारी आणि एक मागे. चहा-जेवणाला थांबलं तरी एक गार्ड गाडीपाशीच राहतो. "दोघं मिळून पटकन येतो" म्हणणाऱ्या जोडीदाराला एकट्यालाच पाठवा.