विकसन करार कोर्टातून पाळून घ्यायचाय? आधी या चुका टाळा

विकसन करार म्हणजे मालकाने जमीन द्यायची, बिल्डरने (विकसकाने) त्यावर इमारत बांधायची आणि ठरलेला वाटा घ्यायचा. पण भाव वाढले की मालक फिरतो आणि मंदी आली की बिल्डर. अशा वेळी समोरच्याला नुसती भरपाई नको असते. ठरलं तेच करून मिळावं, असं त्याला वाटतं. त्यासाठी स्पेसिफिक परफॉर्मन्सचा, म्हणजे करारपूर्ततेचा दावा असतो. १९६३च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०१८ पासून ही पूर्तता न्यायाधीशांच्या मर्जीवर राहिली नाही. पण ‘आता कोर्टाला हुकूम द्यावाच लागतो’ असं समजून निर्धास्त बसणं ही पहिली चूक. त्याच कायद्याच्या कलम १४ आणि १६ मधले अडसर अजून आहेत, आणि दावे तिथेच पडतात.

सर्वांत महागात पडते ती मोघम भाषा. सुशील कुमार अग्रवाल विरुद्ध मीनाक्षी साधू या कोलकात्याच्या प्रकरणात ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकसकालाही मालकाविरुद्ध असा दावा करता येतो हे मान्य केलं. तरी तो विकसक हरला. करारात वेगवेगळ्या आकारांचे फ्लॅट, ‘लिफ्ट असल्यास’ अशी वाक्यं होती. नेमकं काय बांधायचं हेच ठरलेलं नसेल तर कोर्ट हुकूम कशाचा करणार? हा निकाल दुरुस्तीआधीच्या जुन्या तरतुदीवरचा आहे, पण मुद्दा आजही तितकाच खरा, कारण अनिश्चित करार करार कायद्याच्या कलम २९ नुसार मुळातच रद्दबातल. म्हणून मालकाचं क्षेत्रफळ कार्पेटमध्ये लिहा. कोणत्या मजल्यावर, किती पार्किंग, वाढीव एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) आणि टीडीआर (बाहेरून आणून वापरता येणारा बांधकामाचा हक्क) कोणाचा, भाडं कधीपासून, हे सगळं लिहा. कच्चा नकाशा परिशिष्ट म्हणून जोडा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या. ‘परस्पर संमतीने नंतर ठरवू’ हे वाक्य दिसलं की सही करू नका.

दुसरी चूक घाईतली. मालक प्लॉट तिसऱ्याला विकतोय असं कळतं, आणि विकसक धावत जाऊन फक्त मनाई हुकमाचा दावा लावतो. पूर्तता ‘नंतर बघू’ म्हणतो. मात्र पूर्तता मागण्याचं कारण तेव्हाच घडलेलं असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २ नियम २ मुळे नंतरचा दावा अडतो; सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये व्हर्गो इंडस्ट्रीजच्या प्रकरणात हेच सांगितलं. एकाच दाव्यात पूर्तता, ताबा, मनाई आणि पर्यायी भरपाई मागा. काही मागे ठेवायचंच असेल तर कोर्टाची परवानगी आधी घ्या. करारात लवादाचं कलम असेल तर तिकडे जा. लवादही पूर्ततेचा निवाडा देऊ शकतो.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. दावा चालू असताना विकलेली जमीन दाव्याच्या निकालाला बांधील राहावी, यासाठी आपल्याकडे नुसता दावा दाखल करून भागत नाही. लिस पेंडन्सची, म्हणजे ‘या जमिनीवर दावा चालू आहे’ अशी नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती नोंदवली नाही, तर नवा खरेदीदार ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणून उभा राहतो आणि वाद दुप्पट होतो.

आपल्या वाटचं काम करायला ‘आम्ही तयार होतो’ हे तोंडी सांगून चालत नाही. दुरुस्तीनंतर वादपत्रात तसं लिहिण्याची सक्ती गेली, पण सिद्ध करायचं ओझं वादीवरच आहे. विकसकाने बँकेचे उतारे, आर्किटेक्टचं बिल, महापालिकेतल्या अर्जाची पोच जपावी. मालकाने जागा रिकामी केल्याची आणि कागद दिल्याची लेखी नोंद ठेवावी.

दावा लावायच्या मुदतीचा हिशोब वेगळाच चुकतो. करारात तारीख असेल तर तिथपासून तीन वर्षं, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. बैठका आणि व्हॉट्सॲपवरची गोड आश्वासनं हे घड्याळ थांबवत नाहीत. तारीख वाढवायची तर सहीचा, नोंदणीकृत पुरवणी करार करा.

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ किंवा कुळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा असेल, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय जमीन हस्तांतरित करता येत नसेल, तर परवानगी कोणी आणायची आणि ती नाकारली तर काय, हे करारातच हवं. बहिणींच्या सह्याही घ्या. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा जन्मापासून हक्क आहे. मुद्रांक शुल्क कमी भरलेला दस्त पुराव्यात वाचला जात नाही, आणि दंड भरेपर्यंत महिने जातात.

बांधकाम अर्धवट टाकून बिल्डर गेला असेल, तर मालकांनो, त्यालाच परत आणण्याचा हट्ट तपासून पाहा. कोर्टाला सतत देखरेख करता येणार नाही, असं काम ते सक्तीने करून घेत नाही. १९६३च्या कायद्याच्या नव्या कलम २० खाली किमान ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन दुसऱ्याकडून काम पूर्ण करून घेता येतं आणि तो खर्च चुकलेल्याकडून वसूल करता येतो. मात्र दुसऱ्याकडून काम करून घेतलं की पहिल्याकडून पूर्तता मागता येत नाही. भरपाईचा हक्क तेवढा राहतो. नोटीस पाठवण्याआधी दोन्ही वाटांचा हिशोब वकिलासमोर बसून कागदावर मांडा.