पिशवी उलटी करा

मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला होतो. विदर्भातला मे महिना. कॅज्युअल्टीत साठीच्या एक आजी आल्या. दोन दिवसांपासून बरळत होत्या, हात जोरात थरथरत होते, चालताना झोक जात होता. ताप नाही, शुगर ठीक, सीटी नॉर्मल. मी कागदावर ‘स्ट्रोक?’ लिहून मोकळा. सीनियर मॅडमनी नातवाला घरी पिटाळलं : ‘गोळ्यांची अख्खी पिशवी घेऊन ये.’

पिशवीतून लिथियम निघालं, म्हणजे बायपोलर आजारात मूड स्थिर ठेवणारी गोळी. पंधरा वर्षं चालू, म्हणून कुणाच्या लक्षातही नाही. आणि ‘डोक्याची गोळी’ चारचौघांत सांगतं कोण? सोबत मेडिकलवरून आणलेलं डायक्लोफेनॅक, गुडघ्यांसाठी, दहा दिवसांपासून. लिथियम शरीराबाहेर पडतं ते किडनीतूनच. वेदनाशामक, थायझाइडवाली (लघवी वाढवणारी) बीपीची गोळी, जुलाब, उन्हाने आटलेलं पाणी, यांतलं काहीही झालं की किडनी ते धरून ठेवते. डोस तोच, रक्तातली पातळी मात्र चढते आणि लिथियमची विषबाधा होते. म्हणून नुसतं ‘काय चालू आहे?’ विचारू नका, ‘पंधरा दिवसांत नवीन काय घेतलं?’ हेही विचारा.

लिथियमच्या लेव्हलसाठी रक्त मी हिरव्या झाकणाच्या बल्बमध्ये (रक्ताच्या नळीत) घेतलं. त्यात रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन असतं, आकडा खोटाच वाढतो! मॅडमनी बल्ब फेकायला लावला. प्लेन बल्बमधली लेव्हल २.१ आली. नेहमीची पातळी साधारण ०.६ ते १. वर्षानुवर्षं लिथियम घेणाऱ्या पेशंटमध्ये आकडा फार मोठा नसतानाही मेंदूवर परिणाम झालेला असतो, तेव्हा आकड्यापेक्षा पेशंटकडे बघा. विषबाधेत पोटातलं औषध शोषून घ्यायला देतात तो चारकोल लिथियमला धरत नाही. दोन्ही गोळ्या बंद, सलाइन चालू, आणि सोडियम पुन्हा पुन्हा तपासायचं, कारण वर्षानुवर्षं लिथियम झेललेल्या किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, पाणी निघून जातं आणि सोडियम वाढतं. शुद्ध हरपत असेल किंवा झटके आले, तर डायलिसिससाठी लगेच फोन करा. डायलिसिसनंतर लेव्हल परत चढू शकते.

‘डोक्याच्या’ बाकीच्या गोळ्यांचं थोडक्यात. ताप आणि अंग लाकडासारखं ताठ : अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरची गोळी) आठवा. घोट्यात क्लोनस (पाऊल वर दाबलं की लयीत बसणारे झटके) : एसएसआरआय या डिप्रेशनच्या गोळीसोबत ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक दिलंय का बघा. कोरडं तोंड, मोठ्या बाहुल्या, तुंबलेली लघवी : ट्रायहेक्सिफेनिडिल (अँटिसायकोटिकने येणाऱ्या कंप-ताठरपणावरची गोळी). व्हॅल्प्रोएट (फिट्स आणि मूडसाठीची गोळी) असेल तर लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल असले तरी अमोनिया पाठवा.

आजी चौथ्या दिवशी नीट बोलायला लागल्या. चालण्यातला झोक मात्र डिस्चार्जच्या दिवशीही थोडा होताच. कार्डावर मी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘गुडघ्यासाठी फक्त पॅरासिटामॉल.’